खान्देशातील यात्रांचे संकेतस्थळ ड्रुपलवर कसे उभारावे

धुळ्याच्या एकवीरा देवीची चैत्री यात्रा, अमळनेरच्या बोरीकाठचा संत सखाराम महाराजांचा वैशाखातील रथोत्सव, जळगावचा कार्तिकी एकादशीचा श्रीरामाचा रथ, सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा आणि तिथला घोडेबाजार, महाशिवरात्रीला चांगदेव आणि मुक्ताईच्या दर्शनाला येणाऱ्या दिंड्या, होळीला अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथे पेटणारी राजवाडी होळी या सगळ्यांची माहिती एका ठिकाणी, खात्रीची आणि चालू वर्षाच्या तारखेसह मिळावी, ही गरज केवळ भाविकांची नाही. पाळणे लावणारे, भांड्यांची दुकाने थाटणारे, तमाशाचे फड, घोडे घेऊन निघालेले व्यापारी आणि जादा गाड्यांची आखणी करणारे आगार या सर्वांचे वेळापत्रक त्या एका तारखेवर अवलंबून असते. असे संकेतस्थळ एखादे सार्वजनिक वाचनालय, महाविद्यालयाचा संगणक विभाग किंवा चार-पाच तरुणांचा गट कसे उभारू शकेल आणि पुढे वाढवू शकेल, याची पद्धत येथे मांडली आहे.

त्यासाठी ड्रुपल ही मुक्तस्रोत आशय-व्यवस्थापन प्रणाली, म्हणजे संकेतस्थळावरील मजकूर साठवणारी आणि मांडणारी व्यवस्था निवडावी, असे माझे मत आहे. बेल्जियममधील अँटवर्प येथे विद्यार्थी असताना ड्रिस बायटार्ट यांनी ती लिहिली आणि २००१ साली सर्वांसाठी खुली केली. जीएनयू जनरल पब्लिक लायसन्सखाली ती मिळत असल्याने वापरायला, बदलायला आणि पुढे वाटायला कोणाची परवानगी लागत नाही आणि परवान्याचे शुल्कही भरावे लागत नाही. रोजच्या बातम्या, लेख किंवा संस्थेची चार पाने एवढेच ठेवायचे असेल, तर वर्डप्रेस सोपे पडते आणि तेच घ्यावे. यात्रांच्या माहितीचे स्वरूप मात्र वेगळे आहे. येथे प्रत्येक नोंदीला गाव आहे, तालुका आहे, तिथी आहे, दैवत आहे, दरवर्षी बदलणारी तारीख आहे, आणि वाचक यांपैकी कोणत्याही बाजूने शोध घेत येऊ शकतो. अशा रकान्यांच्या आणि एकमेकींशी जोडलेल्या नोंदींच्या कामासाठी लागणारी बहुतेक साधने ड्रुपलच्या गाभ्यातच, म्हणजे मूळ संचातच मिळतात.

संगणक सुरू करण्याआधी

थीम (संकेतस्थळाचे दिसणे ठरवणारा साचा) कोणती घ्यावी, रंग कोणते असावेत या चर्चेत पहिला महिना घालवणारे गट पुढे अडकतात, कारण माहितीचा साचा चुकला तर तो शे-दोनशे नोंदी भरल्यावर बदलणे फार जिकिरीचे होते. म्हणून सुरुवात कागदावर करावी. एकच यात्रा घ्यावी आणि तिच्याविषयी जे जे विचारले जाऊ शकते ते सगळे लिहून काढावे.

सारंगखेड्याचेच उदाहरण घेऊ. गाव सारंगखेडा, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार, नदी तापी, दैवत एकमुखी दत्त, तिथी मार्गशीर्ष पौर्णिमा. ही माहिती वर्षानुवर्षे तशीच राहते. तारीख मात्र राहत नाही. दत्तजयंती २०२३ साली २६ डिसेंबरला होती, २०२४ साली १४ डिसेंबरला आणि २०२५ साली ४ डिसेंबरला. दरवर्षी दहा-बारा दिवस मागे सरकणारी ही तारीख अधिक मास आला की पुन्हा पुढे जाते, आणि २०२६ साली १७ मे ते १५ जून असा अधिक ज्येष्ठ असल्याने त्यानंतरच्या सगळ्या यात्रा इंग्रजी तारखेने उशिरा येतात. पाळणेवाल्याशी झालेला करार, यात्रा समितीचा दूरध्वनी, वाहनतळाची जागा, स्पर्धांचे वेळापत्रक हेही दरवर्षी नवे असते.

यातून एक निर्णय निघतो, आणि सगळ्या संकेतस्थळाची बांधणी त्यावर उभी राहते. 'यात्रा' हा एक कंटेंट टाइप, म्हणजे नोंदीचा प्रकार करावा आणि 'आवृत्ती' हा दुसरा. यात्रेत न बदलणारी माहिती ठेवावी; आवृत्तीत त्या-त्या वर्षाची तारीख, स्थिती आणि तपशील ठेवावेत, आणि प्रत्येक आवृत्ती तिच्या यात्रेला जोडावी. यात्रेच्याच नोंदीत तारखेचा रकाना ठेवून तो दरवर्षी पुसून नव्याने भरणे सोपे वाटते, पण मग मागच्या वर्षाचा मागमूस उरत नाही. तोच रकाना अनेक तारखा घेईल असा केला, तर यादी काढताना एकच यात्रा दोन-तीन ओळींत पुन्हा पुन्हा दिसू लागते. दोन प्रकार वेगळे ठेवण्याचे कष्ट एकदाच होतात आणि दहा वर्षांनी त्यातूनच यात्रांचा इतिहास आपोआप तयार झालेला असतो.

तिथीवरून तारीख संगणकाने आपोआप काढावी, असा मोह होतो. तो टाळावा. काही उत्सव सूर्योदयाच्या तिथीने पाळतात, काही प्रदोषकाळच्या, आणि शेवटचा शब्द गावच्या यात्रा समितीचा असतो. शिवाय नंदुरबार जिल्ह्यातील होळीआधीचा भोंगऱ्या बाजार हा तिथीपेक्षा त्या-त्या गावच्या आठवडे बाजाराच्या वाराला धरून भरतो. म्हणून तारीख माणसानेच भरावी, आणि आवृत्तीत 'माहिती कोणी दिली' हा रकाना सक्तीचा ठेवावा. त्याच्या शेजारी 'स्थिती' हा रकाना असावा, ज्यात 'अंदाजे', 'जाहीर' आणि 'रद्द' असे तीन पर्याय असतील. २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे यात्रा रद्द झाल्या, तेव्हा जुन्या तारखा तशाच दाखवणाऱ्या पानांनी किती लोकांचा गोंधळ केला, हे आठवले तर या छोट्या रकान्याचे मोल कळेल.

स्थापना

प्रथम आपल्या संगणकावर चाचणीची प्रत उभी करावी आणि मगच भाड्याच्या सर्व्हरकडे जावे. ड्रुपल ११ ला पीएचपी ही प्रोग्राम-भाषा ८.३, आणि डेटाबेससाठी मायएसक्यूएल ८.० किंवा मारियाडीबी १०.६ ही किमान आवृत्ती लागते. हे सगळे एकेक करून बसवण्यापेक्षा डॉकर (संगणकात वेगळी, बंदिस्त व्यवस्था चालवणारे साधन) आणि त्यावर चालणारे डीडीईव्ही हे साधन वापरावे. आठ जीबी मेमरीच्या साध्या लॅपटॉपवर ते चालते आणि गटातील प्रत्येकाकडे अगदी सारखी व्यवस्था तयार होते. ड्रुपल स्वतः कंपोजर या, पीएचपीचे सुटे भाग उतरवून देणाऱ्या साधनाच्या मदतीने, 'रेकमेंडेड प्रोजेक्ट' या नावाच्या तयार साच्यातून उतरवून घ्यावे. झिप फाइल उतरवून फोल्डरात उलगडण्याची जुनी पद्धत अजून काही जण शिकवतात, पण पुढे मॉड्यूल (नवी सोय देणारे जोड-भाग) जोडताना आणि सुरक्षा-सुधारणा घेताना कंपोजरवाचून फार अडते.

सर्व्हर घेताना दोन गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. एक म्हणजे एसएसएचने (दुरून सर्व्हरवर आदेश देण्याच्या सोयीने) आत जाता येते का, कारण त्याशिवाय कंपोजर आणि ड्रश ही आदेशांची साधने चालवता येत नाहीत. दुसरी म्हणजे संकेतस्थळाचे मूळ फोल्डर बदलता येते का. वरील साच्यात सार्वजनिक भाग 'वेब' नावाच्या आतल्या फोल्डरात असतो आणि बाकीच्या फाइली त्याच्या बाहेर, लोकांच्या आवाक्याबाहेर राहतात. स्वस्त होस्टिंगवर मूळ फोल्डर बदलता येत नसेल, तर जास्त पैसे पडले तरी दुसरीकडे जावे.

स्थापनेच्या पहिल्याच पानावर भाषा विचारली जाते. तेथे मराठी निवडावी. भाषांतराची फाइल ड्रुपल स्वतः उतरवून घेते आणि ज्या शब्दांचे भाषांतर झालेले नसेल ते इंग्रजीत दिसतात. ते नंतर 'युजर इंटरफेस ट्रान्सलेशन' या पानावर स्वतः भरता येतात. वेळेचा विभाग आशिया-कोलकाता असाच ठेवावा. याचे महत्त्व पुढे येईल.

रकाने भरणे

'स्ट्रक्चर' मधील 'टॅक्सॉनॉमी' (वर्गीकरणाच्या सूच्या) पासून सुरुवात करावी. 'स्थान' नावाची एक सूची करावी आणि तिच्यात जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे वरच्या पातळीवर, त्यांच्याखाली तालुके, अशी दोन पातळ्यांची मांडणी करावी. जळगावचे १५, धुळ्याचे ४ आणि १ जुलै १९९८ रोजी वेगळ्या झालेल्या नंदुरबारचे ६ असे २५ तालुके होतात. दुसरी सूची 'महिना'. तिच्यात चैत्र ते फाल्गुन ही बारा नावे भरून ती माउसने ओढून पंचांगाच्या क्रमाने लावावीत, नाहीतर यादी अकारविल्हे लागते आणि आश्विनाने सुरू होते.

यानंतर 'कंटेंट टाइप्स' मध्ये 'यात्रा' तयार करावी. नाव मराठीत द्यावे, पण प्रत्येक प्रकाराला आणि प्रत्येक रकान्याला ड्रुपल जे आतले यांत्रिक नाव देते ते तिथल्या तिथे तपासून रोमन लिपीत सुटसुटीत करून घ्यावे. देवनागरीवरून आपोआप बनलेली ही नावे अवघड होतात आणि एकदा जतन केल्यावर ती पडद्यावरून बदलता येत नाहीत. यात्रेचे रकाने असे: स्थान, गाव, दैवत, महिना, पक्ष, तिथी, 'दिवस कसा ठरतो' हा मोकळ्या मजकुराचा रकाना, वर्णन, छायाचित्रे आणि जवळचे बसस्थानक. पक्षासाठी 'शुद्ध' आणि 'वद्य' एवढे दोनच पर्याय असलेली यादी पुरे. महिना, पक्ष आणि तिथी हे तिन्ही ऐच्छिक ठेवावेत, कारण भोंगऱ्यासारख्या बाजारांना ते लागू होत नाहीत.

रावेर-मुक्ताईनगरच्या पट्ट्यासाठी एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. महाशिवरात्र आपल्या पंचांगात माघ वद्य चतुर्दशीला येते, पण बऱ्हाणपूरकडून येणाऱ्या भाविकांच्या पौर्णिमान्त पंचांगात तोच दिवस फाल्गुन कृष्ण चतुर्दशी असतो. दिवस एकच, महिन्याचे नाव वेगळे. वद्य पक्षातील यात्रांच्या पानावर 'महाराष्ट्रातील पंचांगानुसार' एवढे शब्द छापून आले, तर एका महिन्याची चूक टळते. हे प्रत्येक नोंदीत लिहीत बसू नये. महिन्याच्या रकान्याखाली भरणाऱ्यासाठी साहाय्यक मजकूर द्यावा आणि वाचकासाठी हे शब्द पानाच्या मांडणीतच घालावेत.

'आवृत्ती' या प्रकारात 'यात्रा' हा संदर्भाचा रकाना असतो. तो 'रेफरन्स' गटातून घ्यावा, केवळ 'यात्रा' या प्रकारातील नोंदी निवडता येतील असे त्याला बांधून द्यावे आणि सक्तीचा करावा. तारखेसाठी गाभ्यातीलच 'डेटटाइम रेंज' हे मॉड्यूल चालू करून सुरुवात आणि शेवट असलेला रकाना घ्यावा, आणि त्यात वेळ न ठेवता केवळ दिनांक ठेवावा. दोन ओळींचे शीर्षक दर वेळी टंकण्याऐवजी 'ऑटोमॅटिक एंटिटी लेबल' या मॉड्यूलने ते यात्रेचे नाव आणि वर्ष यांवरून आपोआप करून घेतले, तर 'सारंगखेडा यात्रा २०२५' आणि 'श्री दत्त यात्रोत्सव सारंगखेडा' अशी एकाच गोष्टीची दोन नावे होत नाहीत.

यादी काढणे

नोंदी भरल्या की 'व्ह्यूज' हे साधन त्यांच्यातून हव्या तशा याद्या काढून देते. पहिली यादी अर्थातच 'येत्या यात्रा' ही असावी. 'स्ट्रक्चर' मधील 'व्ह्यूज' मध्ये नवीन व्ह्यू करून 'आवृत्ती' हा प्रकार निवडावा आणि पान हवे असे सांगावे. 'फिल्टर क्रायटेरिया' मध्ये तारखेच्या शेवटाचा रकाना घेऊन तो 'नाऊ' च्या बरोबरीचा किंवा त्यानंतरचा असावा, अशी अट घालावी. सुरुवातीच्या तारखेवर अट घातली, तर पंधरवडाभर चालणारी यात्रा दुसऱ्याच दिवशी यादीतून नाहीशी होते. क्रम सुरुवातीच्या तारखेने चढता लावावा.

आता यादीत गावाचे आणि तालुक्याचे नाव हवे, पण ते आवृत्तीत नाही, यात्रेत आहे. 'अ‍ॅडव्हान्स्ड' खाली 'रिलेशनशिप' मध्ये जाऊन 'यात्रा' हा संदर्भ जोडावा. त्यानंतर रकाना घेताना तो या नात्याने घ्यावा, म्हणजे यात्रेचे सगळे रकाने हाताशी येतात. बहुतेक नवशिके येथे अडतात आणि तालुका आवृत्तीतही पुन्हा भरू लागतात, तसे करू नये. वाचकाला जिल्हा किंवा तालुका निवडता यावा म्हणून याच नात्यावर टॅक्सॉनॉमीचा खोलीसह असलेला, म्हणजे खालच्या पातळ्याही धरणारा फिल्टर घ्यावा, खोली १ ठेवावी आणि तो 'एक्स्पोज' करावा, म्हणजे वाचकापुढे मांडावा. मग वाचकाने 'नंदुरबार' जिल्हा निवडला तरी शहादा, तळोदा, नवापूर येथील यात्राही दिसतात. याच रीतीने महिन्यावार यादी, दैवतावार यादी आणि प्रत्येक यात्रेच्या पानाच्या तळाशी तिच्या मागील आवृत्त्यांचा ठोकळा ही कामे होतात.

उलटून गेलेली तारीख आणि पहिले स्वतःचे मॉड्यूल

येथवर एक ओळही प्रोग्राम लिहावा लागलेला नाही. आता एक बारीक पण खरा प्रश्न उभा राहतो. संकेतस्थळ सुरू होते, यादी छान दिसते, आणि यात्रा संपून चार दिवस झाले तरी ती 'येत्या यात्रा' मध्येच दिसत राहते. प्रशासक म्हणून आत शिरलेल्याला यादी कधीकधी बरोबर दिसते, बाहेरच्या वाचकाला मात्र जुनी.

याचे कारण असे. लॉगिन न केलेल्या वाचकांसाठी ड्रुपल तयार पान साठवून ठेवते आणि त्यावर खुणा नोंदवते, की हे पान अमुक नोंदींवर अवलंबून आहे. त्या नोंदींपैकी एखादी बदलली की साठवलेले पान रद्द होते. ही व्यवस्था उत्तम आहे आणि यात्रेच्या दिवशी एकदम हजारो लोक आले तरी तीच सर्व्हर सांभाळते. पण येथे नोंद बदललेली नसते, केवळ दिवस बदललेला असतो, आणि दिवस उजाडला म्हणून कोणतीही खूण रद्द होत नाही. 'परफॉर्मन्स' च्या पानावर जी कालमर्यादा दिसते ती ब्राउझर आणि बाहेरच्या साठ्यांसाठी असते, या आतल्या साठ्याला ती लागू होत नाही, म्हणून ती कमी करूनही उपयोग होत नाही. साठवण बंद करून टाकण्याचा सल्ला मिळेल. तो मुळीच मानू नये.

योग्य उपाय म्हणजे रोज मध्यरात्रीनंतर त्या खुणा स्वतः रद्द करणारे छोटेसे मॉड्यूल. 'मॉड्यूल्स' फोल्डरात 'कस्टम' नावाचे फोल्डर करून त्यात आपल्या मॉड्यूलचे फोल्डर करावे. त्यात दोन फाइली पुरतात. पहिली 'इन्फो' ची वायएमएल (साध्या मजकुरात मांडणी लिहिण्याच्या स्वरूपाची) फाइल, जिच्यात मॉड्यूलचे नाव, त्याचा प्रकार आणि ड्रुपलची कोणती आवृत्ती चालेल ते लिहायचे. दुसरी 'मॉड्यूल' या विस्ताराची पीएचपी फाइल, जिच्यात क्रॉनचा (ठरावीक वेळी आपोआप होणाऱ्या कामाचा) हुक, म्हणजे आपले काम टांगण्यासाठी गाभ्याने ठेवलेली जागा लिहायची. म्हणजे आपल्या मॉड्यूलचे नाव, खालची रेघ आणि क्रॉन अशा नावाचे फंक्शन. हे फंक्शन ड्रुपलच्या 'स्टेट' या छोट्या साठ्यात जपून ठेवलेली शेवटची तारीख वाचते, आजची तारीख तिच्याहून वेगळी असेल तर नोंदींच्या यादीची 'नोड लिस्ट' ही खूण रद्द करते, आणि आजची तारीख जपून ठेवते. मोजून आठ-दहा ओळींचे हे काम आहे. तारखेची तुलना आत ठेवल्यामुळे क्रॉन दिवसातून कितीही वेळा चालले तरी साठा दिवसातून एकदाच रिकामा होतो.

क्रॉन कधी चालते, हेही पाहावे लागते. ड्रुपलचे स्वयंचलित क्रॉन कोणी वाचक आला तरच हलते, म्हणून सर्व्हरच्या वेळापत्रकातूनच ड्रशचा क्रॉन आदेश द्यावा. बहुतेक सर्व्हर जागतिक वेळेवर चालतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपल्याकडे रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी काम व्हायला हवे असेल, तर तेथे आदल्या दिवशीची संध्याकाळची ६ वाजून ३५ मिनिटे ही वेळ टाकावी लागते.

ड्रुपल वाढवण्याची शिस्त या छोट्या मॉड्यूलमध्ये पूर्ण दिसते. गाभ्याच्या किंवा दुसऱ्याच्या मॉड्यूलच्या फाइलीला कधीही हात लावू नये, कारण पुढच्या सुधारणेत आपले बदल पुसले जातात. गाभ्याने जागोजागी हुक ठेवलेले आहेत, आपण त्यांवर आपले काम टांगावे. तसेच, जे काम तयार मॉड्यूलने होते त्यासाठी स्वतः लिहीत बसू नये. नकाशासाठी 'जिओफील्ड' आणि 'लीफलेट', अर्जांसाठी 'वेबफॉर्म', शोधयंत्रांना नीट माहिती देण्यासाठी 'मेटाटॅग' ही जुनी, जपलेली मॉड्यूल आहेत. नवे मॉड्यूल घेताना त्याच्या पानावर सुरक्षा-धोरणाखाली असल्याची ढालीची खूण आहे का आणि गेल्या वर्षभरात त्यावर काम झाले आहे का, हे दोन्ही पाहावे.

पत्ते, अक्षरे आणि अहिराणी

देवनागरीतील पत्ता ब्राउझरमध्ये सुंदर दिसतो, पण तो व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवला की पुष्कळदा टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ होते, कारण प्रत्येक देवनागरी चिन्हाची तीन बाइट्स आणि प्रत्येक बाइटची तीन अक्षरे अशी नऊ अक्षरे होतात. काना-मात्राही वेगळे चिन्ह म्हणून मोजले जातात, त्यामुळे 'सारंगखेडा' या एका नावाची नऊ चिन्हे आणि ८१ अक्षरे होतात. 'पाथऑटो' हे मॉड्यूल पत्त्याचे लिप्यंतर करून देते, पण आपोआप झालेले लिप्यंतर गावाच्या रूढ रोमन लेखनाशी जुळत नाही. त्याऐवजी यात्रेत 'रोमन नाव' असा एक छोटा रकाना वाढवावा आणि पाथऑटोच्या नमुन्यात त्याच रकान्याचे टोकन (जागी रकान्यातील मजकूर येणारी खूण) टाकावे. पत्ते छोटे, वाचनीय आणि फलकावर छापण्याजोगे होतात.

ड्रुपलची मूळ थीम ऑलिव्हेरो नेटकी आहे, पण तिचे फाँट रोमन लिपीपुरते आहेत. देवनागरीसाठी वाचकाच्या फोनवर जो असेल तो फाँट लागतो. ऑलिव्हेरोला आधार धरून उपथीम करू नये, तिची अंतर्गत रचना केव्हाही बदलू शकते. गाभ्यातील 'स्टार्टरकिट' वरून स्वतःची थीम तयार करावी, तिच्यात मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हा मुक्त परवान्याचा फाँट आपल्याच सर्व्हरवरून द्यावा, आणि ओळींमधील अंतर रोमनपेक्षा थोडे जास्त ठेवावे, म्हणजे रफार आणि उकार एकमेकांना भिडत नाहीत.

अहिराणीचा विचार केल्याशिवाय हे संकेतस्थळ खान्देशाचे झाले, असे मला वाटणार नाही. ड्रुपलच्या भाषांच्या तयार यादीवर अडून राहायची गरज नाही, कारण भाषा जोडण्याच्या पानावरील यादीच्या तळाशी 'कस्टम लँग्वेज' हा पर्याय आहे. तेथे आयएसओ ६३९-३ या मानकातील अहिराणीचा ए-एच-आर हा संकेत, नाव आणि लिपीची दिशा भरली की अहिराणी ही या संकेतस्थळाची दुसरी भाषा होते. 'कंटेंट ट्रान्सलेशन' चालू करताना प्रत्येक रकान्यासमोर चौकट येते. तेथे वर्णन आणि शीर्षक एवढेच भाषांतरासाठी निवडावे, स्थान आणि तारीख निवडू नयेत. तारीख दोन भाषांत वेगळी भरली गेली, तर अनर्थ होईल. बटणे आणि सूचना यांचे अहिराणी शब्द हाताने भरावे लागतात, पण वाचकाला दिसणारे शब्द थोडेच असतात, आणि अहिराणी घरात बोलणाऱ्या दोन-तीन जणांनी बसून ते ठरवले तर काम आटोक्यातले आहे. भरलेले शब्द पीओ फाइल, म्हणजे भाषांतराची फाइल म्हणून बाहेर काढता येतात, त्यामुळे पुढे दुसऱ्या कोणालाही अहिराणी संकेतस्थळासाठी ते देता येतील.

छायाचित्रे

आजच्या फोनचे छायाचित्र सहज चार-पाच एमबीचे असते आणि पीएचपीची मूळ मर्यादा दोन एमबी असते. गावातून माहिती भरणाऱ्याला केवळ 'फाइल चढली नाही' एवढेच दिसते आणि तो काम सोडून देतो. ही मर्यादा आधीच वाढवावी, आणि छायाचित्राच्या रकान्यात कमाल रुंदी-उंची ठरवून द्यावी, म्हणजे चढलेले चित्र ड्रुपल स्वतः लहान करून ठेवते. यात्रेच्या गर्दीत मोबाइलचे जाळे मंदावलेले असते, म्हणून यादीच्या पानावर 'इमेज स्टाइल' वापरून लहान प्रतच द्यावी.

माणसे आणि परवानग्या

पंचवीस तालुक्यांची माहिती एका जागी बसून भरता येत नाही. प्रत्येक तालुक्यात एक 'वार्ताहर' नेमावा आणि त्या नावाची भूमिका ड्रुपलमध्ये करून तिला नवी नोंद करण्याची व स्वतःची नोंद सुधारण्याची परवानगी द्यावी, प्रकाशित करण्याची नाही. गाभ्यातील 'कंटेंट मॉडरेशन' चालू केले, की वार्ताहराची नोंद मसुदा म्हणून राहते आणि संपादकाने समितीला दूरध्वनी करून खात्री केल्यावर ती प्रकाशित होते. प्रशासकाची भूमिका दोघांकडेच असावी. एकाकडे नको आणि पाच जणांकडेही नको.

सुधारणा आणि राखण

ड्रुपलच्या सुरक्षा-सूचना बुधवारी प्रसिद्ध होतात. आपल्याकडे तोवर रात्र झालेली असते, म्हणून गुरुवारची सकाळ या कामासाठी राखून ठेवावी. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपल ७ मधील एक गंभीर त्रुटी जाहीर झाली, तेव्हा सात तासांच्या आत सुधारणा न केलेल्या प्रत्येक संकेतस्थळात शिरकाव झाला आहे असेच समजावे, असा इशारा प्रकल्पाच्या सुरक्षा गटाने नंतर दिला होता. त्याच ड्रुपल ७ चा आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. अजूनही त्यावर उभी असलेली संकेतस्थळे तातडीने नव्या आवृत्तीवर न्यावीत.

सुधारणा आधी चाचणीच्या प्रतीवर कंपोजरने घ्यावी, ड्रशने डेटाबेस अद्ययावत करावा, 'येत्या यात्रा' ची यादी आणि एखादी नोंद उघडून पाहावी, आणि मगच खऱ्या सर्व्हरवर तेच करावे. रकाने, व्ह्यू, भूमिका यांची सगळी मांडणी ड्रशच्या निर्यात आदेशाने वायएमएल फाइलींत उतरवता येते. त्या फाइली आणि आपले मॉड्यूल व थीम गिटमध्ये (फाइलींतील बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनात) ठेवावेत. डेटाबेस आणि छायाचित्रांचे फोल्डर यांची प्रत दर आठवड्याला वेगळ्या ठिकाणी घ्यावी. सहा महिन्यांतून एकदा ती प्रत रिकाम्या संगणकावर उभी करून पाहावी, कारण उभी करून न पाहिलेल्या प्रतीचा ऐनवेळी भरवसा धरता येत नाही. डोमेनची नोंदणी, सर्व्हरचे खाते आणि गिटचे खाते ही तिन्ही एखाद्या विद्यार्थ्याच्या खासगी ईमेलवर न ठेवता संस्थेच्या ईमेलवर ठेवावीत, आणि नूतनीकरणाच्या तारखा वाचनालयाच्या किंवा विभागाच्या नोंदवहीत लिहून ठेवाव्यात.